चौथं रीडिंग

रोशनी,

तुझी वही माझ्याकडे नाही. ती कंपनीच्या ऑफिसात कुलपात आहे म्हणतात. माझ्याकडे तिच्यातल्या एका पानाचा फोटो आहे. त्या दिवशी दुपारी दोनला चार मिनिटं कमी असताना तू तो पाठवला होतास. तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात एकाखाली एक तीन आकडे, आणि त्यांच्याखाली रेघ मारून चौथ्यासाठी सोडलेली जागा. त्या रिकाम्या जागेकडे बघत मी अकरा दिवस काढले आहेत.

उद्या रोह्याला चौकशी आहे. मला जबाब द्यायला बोलावलंय, तुझा कॉलेजातला मार्गदर्शक म्हणून. कंपनीची वाक्यं तयार आहेत. एमएस्सीची विद्यार्थिनी, महिन्याभराच्या प्रशिक्षणाला आलेली, कुणी सांगितलं नसताना सांडपाण्याच्या टाकीपाशी एकटी गेली आणि वायूने गुदमरली. प्रशिक्षणार्थीची चूक. आपलं काहीतरी चुकतंय आणि ते कधीतरी सगळ्यांसमोर उघडं पडणार, या भीतीत तू पाच वर्षं माझ्यासमोर बाकावर बसलीस. उद्या ते तुझ्या नावापुढे कायमचं लिहिलं जाईल. तू चुकली नव्हतीस हे दाखवणारा कागद माझ्या फोनमधे आहे. तो दाखवला तर त्यानंतर तू मला केलेला फोनही सांगावा लागेल. तो अजून कुणाला माहीत नाही. तुझा मोबाइल टाकीत पडला. माझा माझ्या खिशात आहे.

तुला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एफवायच्या प्रॅक्टिकलला. टायट्रेशन होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की थांबायचं, आकडा लिहायचा. असं तीनदा. कॉलेजातली अर्धी मुलं एकदाच करतात आणि बाकीचे दोन आकडे मनाने लिहून चहाला जातात. हे आम्हा सगळ्या शिक्षकांना ठाऊक असतं, आम्हीही मुलं असताना तेच केलेलं असतं. तू तीन वेळा केलंस. मग चौथ्यांदा. मग पाचव्यांदा. घंटा झाली तरी तू फ्लास्क हलवतच होतीस. मी वही बघितली तर पाचही आकडे सारखे. म्हटलं, अगं, झालं की. तू म्हणालीस, "सगळी सारखीच येतायत सर. म्हणून भ्या वाटतंय."

मी तेव्हा हसायला नको होतं.

हसून मग मी तुला माझा नियम सांगितला. पाच नको, सहा नको, चार घ्यायची. तीन परीक्षकासाठी आणि चौथं आपल्यासाठी. कुणी विचारलं, कुठून उतरवलंस, तर आपल्याकडे एक जास्तीचं असतं. तू तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलास. पुढे तुझ्या वह्या मी इतर वर्गांना दाखवायचो, बघा काम कसं करतात. मला वाटायचं मी तुला एक हत्यार दिलं.

हा नियम मला कुठे मिळाला ते मात्र सांगितलं नाही. मी बीएस्सीला असताना बाहेरून आलेल्या परीक्षकाने माझी वही सगळ्या बॅचसमोर उंच धरली होती. एवढे बरोबर आकडे तुझे कसे आले, शेजाऱ्याचे घेतलेस ना, म्हणाला. पुन्हा कर, माझ्यासमोर. मी केलं. तेच आलं. तो "बरं" म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. त्या एका शब्दानंतर तीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट एकदा जास्तीची करतो आहे. प्रश्नपत्रिका काढली की पुन्हा तपासतो, दाराचं कुलूप ओढून बघतो, बोलण्याआधी वाक्य मनात म्हणून बघतो. हे मी तुला शिस्त म्हणून शिकवलं. ती भीती होती.

तुझ्या यशाला तुझ्याकडे कायम दुसरंच कारण असायचं. पेपर सोपा होता. तपासणाऱ्याचा हात सैल होता. सरांनी सांभाळून घेतलं. एमएस्सीच्या यादीत तुझं नाव लागलं तेव्हा वर्गातल्या एकीने जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, हिला काय, हिची सीट वेगळ्या दारातून येते. तू हसून तिला पेढा दिलास, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिलीस. सर, ती खोटं बोलली का? मी तुला आकडे सांगितले. तुझे मार्क तिच्याहून जास्त होते. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "तसं नाय सर. कधीतरी कोणतरी कागद घेऊन येईल आणि सांगेल, बाय, चुकून घेतला तुला, चल घरी. मला रोज वाटतं, आज येईल."

मी म्हटलं, वेडी आहेस. अभ्यास कर.

तेव्हा मी सांगायला हवं होतं की मलाही वाटतं. सत्तेचाळीस वर्षांचा आहे, दोन तपं शिकवतोय, आणि अजूनही शिपाई लिफाफा घेऊन वर्गाच्या दारात आला की खडू हातात थांबतो.

आता ते कडूकंदाचं. माझ्या मनातून तो दिवस जात नाही. एसवायला होतीस. विषारी द्रव्यं आणि ती काढून टाकण्याचे मार्ग, असं काहीतरी शिकवत होतो, आणि मुलांना घरगुती उदाहरणं विचारली. कुणी काजूचा चीक सांगितला, कुणी सुरणाची खाज. तू पहिल्यांदाच आपणहून हात वर केलास. पेणजवळच्या जिते गावामागे डोंगरात तुमची वाडी. तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी घरात काही नसलं की कडूकंद खणून आणतात, चकत्या करतात, राख लावून उकडतात. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तू थांबलीस. तुला सावरायला मी पुढे म्हणालो, "आणि मग टोपलीत भरून ती टोपली वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची, रात्रभर. साठलेल्या पाण्यात नाही. नाहीतर कडू राहतो आणि घसा धरतो."

तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. तास संपल्यावर व्हरांड्यात गाठलंस आणि अगदी हळू विचारलंस, "सर, तुमची वाडी कुठली?"

माझं आडनाव पवार. फार सोयीचं आडनाव. स्टाफरूममधे कुणी जात विचारत नाही, आडनाव ऐकून आपापलं ठरवून मोकळे होतात, आणि मी ते तसंच ठरू देतो. माझी नेमणूक कोणत्या जागेवरची आहे ते ऑफिसातल्या फायलीला ठाऊक आहे. त्या फायलीबाहेर मी कधी पाय ठेवला नाही. बोलणं घासूनपुसून घेतलं, लग्नही दूरच्या शहरात केलं. आणि तू विचारत होतीस, तुमची वाडी कुठली.

मी म्हटलं, "वाचलंय कुठेतरी."

तू "व्हय सर" म्हणालीस आणि गेलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. मी कातकरी आहे, रोशनी. सुधागडातल्या एका वाडीतला. माझ्या आईच्या हाताला त्या राखेचा वास होता. तुझ्याआधी त्या जिन्याने एक जण वर गेला होता आणि अजून वरच होता, एवढं तुला कळलं असतं तर तुझ्या मनातल्या त्या कागदवाल्याचा धाक थोडा कमी झाला असता का? माहीत नाही. एका वाक्याचं काम होतं, आणि माझ्याकडे तीन वर्षं होती.

रोह्याच्या कंपनीत जायचं मीच ठरवलं. तुला कॉलेजातच राहून प्रोजेक्ट करायचं होतं. आपलं त्यावरून वाजलंही. तू म्हणालीस, तिथे सगळी माणसं बघतील. मी म्हटलं, बघू देत, तिथलं सर्टिफिकेट असलं की उद्या कुणी विचारणार नाही. तुला काम मिळालं सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत. रोज सकाळी जित्याला गाडी धरायचीस आणि संध्याकाळी परतताना पेणला उतरून, मी कॉलेजात असलो तर, दहा मिनिटं बोलून जायचीस.

आता एकेक आठवतं. पहिल्या आठवड्यात तू म्हणालीस की तिथल्या रजिस्टरमधे सल्फाइडचा आकडा रोज एकच असतो. आज तोच, काल तोच, पावसाळ्यातही तोच. मी म्हटलं, नव्या माणसाने रजिस्टरवर बोट ठेवू नये. दुसऱ्या आठवड्यात म्हणालीस की मागच्या नाल्यावर बगळे बसत नाहीत. आजूबाजूच्या शेतात बसतात, नाल्यावरून नुसते उडून जातात. मी उत्तरपत्रिका तपासत होतो, हूं म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात खेकडे. भर दुपारी नाल्यातले खेकडे काठावर येऊन मरून पडलेले तू पाहिलेस. वाडीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. खेकडा पाणी सोडून उन्हात मरायला आला तर पाण्यात काय असेल?

मी विचारलं, मग तुझी रीडिंग काय म्हणतात? तू वही छातीशी धरून उभी होतीस. "खेकडा खोटा नाय सांगायचा सर," म्हणालीस. "माझ्या ब्युरेटचं सांगता येत नाय."

मी याच्यावर हसलो. चांगलं वाक्य आहे, रिपोर्टमधे लिही, म्हणालो. तूही हसलीस.

तो दिवस मंगळवार. मी स्टाफरूममधे डबा उघडला होता. आधी फोटो आला, मग फोन. जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो.

"सर, तिन्ही सारखी आलीत."

"किती?"

"लई वर. रजिस्टरच्या दहापट. माझं काय चुकतंय?"

मी विचारलं, द्रावण ताजं आहे ना, नमुना नीट घेतला होतास ना. तू हो म्हणालीस, आणि लगेच "बहुतेक" म्हणालीस. मी विचारलं, शिफ्ट केमिस्टला सांगितलंस का. नाही. ते म्हणतील पोरीला ब्युरेट धरता येत नाय. मग तू म्हणालीस, "सकाळी वास व्हता सर, कुजक्या अंड्यासारखा. आता येत नाय. म्हंजे कमी झाला असंल ना?"

रोशनी, दरवर्षी जूनमधे प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर सल्फाइडमधून सुटणाऱ्या या वायूचं नाव लिहितो. तुझ्याही वर्गात लिहिलं होतं. वास येतोय तोवर पळायला वेळ आहे, वास यायचा थांबला तर नाक मेलंय असं समजा आणि मागे न बघता पळा. पाठ आहे मला. झोपेतही म्हणेन. तुलाही पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतंस. आणि त्या क्षणी तुला ते स्वतःच्या नाकाबद्दल खरं वाटलं नाही, आणि मला ते ऐकूच आलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की ही मुलगी केमिस्टपुढे जाऊन उभी राहील, आकडा चुकीचा निघेल आणि सगळे हसतील. त्या हसण्यापासून मला तुला वाचवायचं होतं.

मी म्हटलं, "लगेच कुणाला सांगू नकोस. टाकीचा ताजा नमुना घे, अजून एकदा कर. चौथं आलं की मग सांग."

"व्हय सर," म्हणालीस.

एक मिनिट छत्तीस सेकंद. मग मी डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती.

साडेचारला कॉलेजात फोन आला. मी रोह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तुझी आई कोलाडजवळच्या वीटभट्टीवर कामाला होती, तिला कुणीतरी टेम्पोतून आणलं. तिच्या पायाला ओला चिखल तसाच होता. फरशीवर ठसे उठत होते आणि एक बाई मागून ते पुसत होती.

तिथेच कंपनीचा एक अधिकारी माझ्याशी बोलला. सभ्य माणूस, आवाज खाली. मुलगी सिन्सियर होती हो, म्हणाला, पण कॉन्फिडन्स नव्हता. आपण काय करतोय ते या मुलांना कळत नाही, बॅकग्राउंडच तसं, त्यांचा दोष नाही. मी मान हलवली. पवार आडनावाच्या माणसाशी तो मोकळेपणाने बोलत होता. निघताना म्हणाला, सर, हे सगळं नीट मिटावं, तुमच्या कॉलेजच्या मुलांना आम्ही पुढेही घेऊच. कॉलेजनेही एक पत्र तयार ठेवलंय, विद्यार्थिनीला सुरक्षेच्या सगळ्या सूचना दिल्या होत्या असं. त्याच्यावर माझी सही राहिली आहे. रोज कुणीतरी हळूच आठवण करतं. तुमची अजून बरीच नोकरी आहे, सर.

नाला अजून तसाच वाहतोय. मी परवा जाऊन बघितलं. पलीकडच्या शेतात बगळे होते. काठाला मेलेले खेकडे होते, काही जुने, वाळून पोकळ झालेले, आणि दोन ताजे. आत रजिस्टरमधे त्या दिवशीही तोच आकडा लिहिला असेल. तुझ्या जागी पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी येईल. आमच्याच वर्गातलं, आणि आपल्या नाकावर विश्वास नसलेलं.

तुझ्या दहाव्याला वाडीवर आलो होतो. तुझ्या आईने मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसली. मग ती म्हणाली, "सर, लोका सांगतात पोरीला जमत नव्हता. तुमी शिकवलाव तिला. तुमीच सांगा, जमत व्हता का नाय?"

तुझ्या आईला दुसरं काही नको होतं. एवढ्या एका प्रश्नासाठी ती दहा दिवस थांबली होती. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, चौकशी होऊ दे, मग बघू. चहा घेतला आणि डोंगर उतरलो.

आज सकाळी पुन्हा गेलो. कपाटातून चांगला शर्ट न काढता, गाडी खाली रस्त्यालाच लावून, चालत. ती दारात कोयत्याने लाकडं तोडत होती. आज मी खुर्ची घेतली नाही. फोन काढून तुझ्या वहीचं पान दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तुझं अक्षर तिने ओळखलं आणि काचेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, हे तीन आकडे तिने काढलेले. तिन्ही बरोबर. टाकीत विष होतं, आणि ते ओळखणारी त्या कंपनीत ती एकटीच होती.

आणि मग म्हटलं, "तिला जमत व्हता. पहिलाच बरोबर व्हता गो बाय."

ते माझ्या तोंडून कसं आलं कुणास ठाऊक. ती एकदम माझ्याकडे बघायला लागली, कडूकंदाच्या त्या दिवशी वर्गात तू बघितलंस तशीच. मग म्हणाली, "पहिलाच बरोबर, तर ती परत कशाला गेली?"

मी सांगितलं. तिने फोन केला, मी म्हटलं अजून एकदा कर. मी पाठवली.

"कशाला?"

"भ्या वाटत व्हता," मी म्हणालो. "लोका हसतील असा."

तिने रडून घेतलं नाही की मला शिव्या दिल्या नाहीत. दोन्ही झालं असतं तर बरं झालं असतं. तिने कोयता खाली ठेवून विचारलं, तुमची वाडी कुठली? मी नाव सांगितलं. चिंचमाळ. माणसांसमोर ते नाव मी किती वर्षांनी उच्चारलं. ती म्हणाली, आमची एक भाची दिलीय तिकडे. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी अर्धा तास बाहेर बसलो. दार उघडलं नाही. ते बरोबरच होतं.

उद्या सकाळच्या गाडीने रोह्याला जाईन. जबाब आता लिहून झालाय. त्यात तुझे तीन आकडे आहेत, एक मिनिट छत्तीस सेकंद आहेत, वास थांबल्याचं तू मला सांगितलंस तेही आहे, बगळे आणि खेकडेही आहेत. कॉलेजच्या पत्रावर मी सही करत नाही, असंही लिहिलंय. अगदी वर, नावाखाली, जमातही लिहिली आहे. ती कुणी विचारली नव्हती. यानंतर माझं काय होईल ते दिसतं आहे. पण तुझ्या आईने दार लावून घेतल्यावर त्याचं फार काही उरलं नाही.

कागद पुरा झाल्यावर सवयीने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. एखादा शब्द चुकला असेल, कुणी विचारेल, अजून एकदा नीट लिहून काढावा. दुसरा कोरा कागद पुढे ओढलाही होता.

तो परत ठेवला आहे. एकदाच लिहिलाय.